दोन याद्या, एक नंबर: विमान कंपन्या एक होतात तेव्हा वैमानिकांचं काय होतं?

बसमध्ये असाल, मेसच्या रांगेत असाल किंवा रात्री डोक्यावर पांघरूण घेऊन कानात इअरफोन घालून पडला असाल, तर आवाज थोडा वाढवा. आजचा विषय जरा वेगळा आहे. आज मी कोडिंगबद्दल बोलणार नाही. म्हणजे थोडं बोलीन, सवय जात नाही.

गोष्ट मागच्या दिवाळीची. मी यवतमाळला घरी आलो होतो. संध्याकाळी दत्त चौकात चहा घ्यायला गेलो, तर शाळेतला एक जुना मित्र भेटला. मूळचा वणीकडचा. आमच्या बॅचमधला एकटाच वैमानिक झालेला पोरगा. त्याचं नाव सांगत नाही, कंपनीचं नाव तर नाहीच, देशातली की परदेशातली हेही सांगत नाही. त्यानेच तसं बजावलंय.

मी म्हटलं, "काय कॅप्टन?"

तो म्हणाला, "कायचा कॅप्टन बे. अजून को-पायलटच आहो. आन् आता कधी होईन तेही सांगता येत नाही. माहा नंबरच खाली गेला."

"किती खाली?"

"चारशेच्या वर."

त्याची कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली होती. दोन्हीकडच्या वैमानिकांची एकच सिनिऑरिटी लिस्ट, म्हणजे सेवाज्येष्ठतेची यादी तयार झाली होती. ट्रेनिंगसाठी याच्या वडिलांनी दोन एकर विकलं होतं आणि वर बँकेचं कर्ज. वैमानिक व्हायचा खर्च आज पन्नास लाखांच्या खाली क्वचितच येतो. कॅप्टन झाल्यावर पगार वाढेल आणि कर्ज फिटेल, या हिशोबावर सगळं घर उभं होतं. आता तो हिशोब पुढे सरकला होता.

मग तो म्हणाला, "तू कम्प्युटरवाला आहेस ना? दोन लिस्ट मर्ज करायचा काही तर फॉर्म्युला असंन."

मला हसूच आलं. कारण फॉर्म्युला आहे! बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर्सच्या तासाला शिकवतात. दोन सॉर्ट केलेल्या लिस्ट घ्या, दोघींच्या पहिल्या माणसाकडे बघा, जो मोठा त्याला उचला, नव्या लिस्टमध्ये टाका, पुढे सरका. दहा ओळींचा कोड. मी तसं त्याला सांगितलं.

त्याने एकच प्रश्न विचारला. "मोठा म्हणजे कोण?"

मंडळी, आजचा अख्खा भाग त्याच्या या एका प्रश्नावर आहे.

आधी हे समजून घेऊ, की नंबराचं एवढं काय?

आपल्या सॉफ्टवेअरमध्ये आपण काय करतो? कंपनी आवडली नाही, की नोटीस पिरियड टाकतो आणि तीस टक्के हाइक घेऊन दुसरीकडे जातो. पाच वर्षांचा अनुभव सोबत येतो. वैमानिकाचं तसं नसतं. उड्डाणाचे तास त्याच्या लॉगबुकात राहतात, ते कोणी काढून घेत नाही. पण सिनिऑरिटी नंबर कंपनीचा असतो. कंपनी सोडली की नंबर संपला. दुसऱ्या कंपनीत गेलात तर बहुतेक वेळा यादीच्या शेपटीला उभं राहायचं.

आणि त्या नंबरावर काय काय ठरतं? को-पायलटचा कॅप्टन कधी व्हायचा. लहान विमानावरून मोठ्या विमानावर कधी जायचं. कुठल्या शहरात राहायचं. अनेक देशांत तर महिन्याची ड्युटी, दिवाळीची सुट्टी आणि मंदी आली तर घरी आधी कोणाला पाठवायचं, हेसुद्धा त्या नंबरावरच. आपल्याकडे कंपनीनुसार यातलं काही कमी-जास्त असतं, पण कॅप्टनची खुर्ची आणि मोठं विमान या दोन गोष्टी नंबराला बांधलेल्याच असतात.

म्हणजे हा नंबर एसटीच्या रांगेतल्या जागेसारखा आहे. फक्त रांग तीस वर्षांची आहे, आणि अध्येमध्ये कोणीतरी येऊन म्हणतं, "या रांगेत आता ती बाजूची रांगही मिसळायची आहे."

तर मग मोठा कोण?

एक उदाहरण घेऊ. आकडे मी सोपे धरलेत.

एक जुनी कंपनी. वैमानिक १०००. एक नवी कंपनी. वैमानिक ५००. जुनीतले पहिले ९०० जण नवी कंपनी जन्मायच्या आधीच नोकरीला लागलेत. उरलेले १०० अगदी अलीकडचे.

आता नवीतला १०० नंबरचा वैमानिक बघा. पाचशेत शंभरावा, म्हणजे वरच्या २० टक्क्यांत. नवी कंपनी भराभर वाढली, त्यामुळे चार-पाच वर्षांतच तो कॅप्टन झाला.

आणि जुनीतला ९०० नंबरचा बघा. हजारात नऊशेवा, म्हणजे ९० टक्क्यांवर. दहा वर्षं झाली, अजून को-पायलट. कारण त्याच्या पुढची माणसं निवृत्त व्हायची आहेत.

पहिली पद्धत: नोकरीला लागल्याची तारीख. ऐकायला एकदम न्याय्य वाटते. जो आधी आला तो पुढे. पण करून बघा. जुनीतले ९०० जण आधी, मग नवीतले. आपला नवीतला शंभर नंबरचा गडी गेला १००० नंबरवर, १५०० पैकी. म्हणजे वरच्या २० टक्क्यांतून एका रात्रीत ६७ टक्क्यांवर. आणि जुनीतला तो नऊशेवा? तो ९० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर चढला. त्याने काहीही केलेलं नाही. फक्त त्याच्या खाली पाचशे माणसं येऊन बसली.

दुसरी पद्धत: प्रमाण. हजाराला पाचशे म्हणजे दोनास एक. जुनीचे दोन, नवीचा एक, पुन्हा जुनीचे दोन, नवीचा एक. आता नवीतला शंभरावा जातो ३०० च्या आसपास. तेच २० टक्के. जुनीतला नऊशेवा जातो १३५० वर. तेच ९० टक्के. कोणीच हललं नाही. छान?

जुनीतल्या पोराला विचारा. तो म्हणेल, "भाऊ, मी दहा वर्षं घासली. माझ्या पुढचे म्हातारे पुढच्या पाच वर्षांत निवृत्त होणार होते. त्या खुर्च्या माझ्या होत्या. आता दर तिसऱ्या खुर्चीवर नवीतला बसणार, जिथे सगळेच तरणे आहेत आणि कोणी निवृत्त होत नाही." त्याचंही चूक नाही. येणाऱ्या निवृत्त्या ही त्याची न मिळालेली पण धरून चाललेली इस्टेट होती.

तिसरी पद्धत: पद आणि विमान. आधी मोठ्या विमानांचे कॅप्टन, मग लहान विमानांचे कॅप्टन, मग को-पायलट, आणि प्रत्येक गटाच्या आत प्रमाण किंवा तारीख. व्यवहारात बहुतेक ठिकाणी अशी खिचडीच शिजते.

आणि चौथी गोष्ट, पद्धत नाही पण मलम आहे: कुंपण. म्हणजे यादी एक करायची, पण अमुक वर्षं तमुक विमानं फक्त जुन्या गटालाच राखून ठेवायची.

कोड लिहिणाऱ्यांना समजलं असेल. मर्जचा अल्गोरिदम दहा ओळींचाच आहे. भांडण आहे ते कम्पेअर फंक्शनवर. आणि ते फंक्शन कम्प्युटर लिहीत नाही, माणसं लिहितात.

आता खरी गोष्ट: एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स

आपल्या देशातलं सगळ्यात मोठं उदाहरण हेच. इंडियन एअरलाइन्स स्वतःच मुळात एक विलीनीकरण होतं. १९५३ साली सरकारने विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं आणि देशांतर्गत उडणाऱ्या आठ खासगी कंपन्या एकत्र करून ती बनवली. परदेशी उड्डाणं एअर इंडियाकडे. पन्नासहून जास्त वर्षं दोन्ही सरकारी, पण दोन वेगळी घरं.

२००७ मध्ये सरकारने दोन्ही एक केल्या. एअर इंडियाच्या वैमानिकांची संघटना होती इंडियन पायलट्स गिल्ड. इंडियन एअरलाइन्सवाल्यांची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन. एकीकडे बोइंगची मोठी विमानं, लांबची उड्डाणं. दुसरीकडे एअरबसची लहान विमानं, दिवसाला तीन-तीन चार-चार फेऱ्या. पगाराची रचना वेगळी, भत्ते वेगळे, कॅप्टन व्हायला लागणारी वर्षंही वेगळी. इंडियन एअरलाइन्समध्ये लवकर, एअर इंडियात उशिरा.

आता आपलं उदाहरण आठवा. अगदी तेच.

कागदावर कंपनी एक झाली. विमानांवर रंग एक झाला. पण याद्या, पगार आणि बढत्या वर्षानुवर्षं तशाच लोंबकळत राहिल्या. २०११ च्या एप्रिल-मे मध्ये इंडियन एअरलाइन्सकडचे वैमानिक समान पगारासाठी सुमारे दहा दिवस संपावर गेले. त्यानंतर सरकारने सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती डी. एम. धर्माधिकारी यांची समिती नेमली. नावावरून आपल्या वर्ध्याशी नातं असलेल्या न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींशी गल्लत करू नका, हे वेगळे. समितीचं काम हेच, की दोन घरांची माणसं एका घरात बसवायची कशी. २०१२ च्या सुरुवातीला अहवाल आला. लक्षात घ्या, विलीनीकरण २००७ चं आणि माणसं कशी बसवायची याचा अहवाल २०१२ चा.

आणि अहवाल येऊनही भडका उडालाच. कारण ड्रीमलायनर. विलीनीकरणाच्या आधी एअर इंडियाने बोइंगची ६८ विमानं मागवली होती, त्यात २७ ड्रीमलायनर. इंडियन एअरलाइन्सने स्वतःसाठी ४३ एअरबस मागवल्या होत्या. आता कंपनी म्हणाली, ड्रीमलायनरचं ट्रेनिंग दोन्हीकडच्या वैमानिकांना देऊ. गिल्डवाले म्हणाले, ही विमानं आमच्या कंपनीने आमच्या बढत्या धरून मागवलेली, आमचे को-पायलट वर्षानुवर्षं थांबलेत. दुसरी बाजू म्हणाली, कंपनी एक झाली ना? मग विमानं कुणा एकाची कशी?

मे २०१२ मध्ये गिल्डच्या वैमानिकांनी काम थांबवलं. आंदोलन चाललं ५८ दिवस. परदेशी उड्डाणं कोलमडली, कंपनीने शंभरावर वैमानिकांना कामावरून काढलं, संघटनेची मान्यता काढली. शेवटी जुलैच्या सुरुवातीला दिल्ली उच्च न्यायालयात वैमानिकांनी परतायची तयारी दाखवली, तेव्हा ते मिटलं. त्यानंतर दोन महिन्यांनी पहिलं ड्रीमलायनर भारतात उतरलं. म्हणजे विमान यायच्या आधीच त्यावरून दोन महिने भांडण झालं होतं!

यात मला कोणी खलनायक दिसत नाही. दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं होतं. फक्त दोन्ही एकाच वेळी खरं धरता येत नव्हतं.

बाहेरच्या देशात काय झालं?

अमेरिकेत २००१ साली अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही बुडत चाललेली कंपनी घेतली. टीडब्ल्यूएच्या फार मोठ्या संख्येने वैमानिकांना सरळ अमेरिकनच्या यादीच्या तळाशी जोडलं. तिथे याला "स्टेपल करणं" म्हणतात. एका यादीच्या खाली दुसरी यादी स्टेपलरने ठोकायची, झालं. दहा-दहा वर्षं उडवलेली माणसं कालच्या भरतीच्या खाली. त्याच वर्षी सप्टेंबरचा हल्ला झाला, विमानधंदा बसला, आणि तळातलेच आधी घरी गेले.

टीडब्ल्यूएचा मोठा तळ मिसूरी राज्यात होता. तिथल्याच दोन सिनेटरांनी, दोघं वेगळ्या पक्षांचे, मिळून २००७ मध्ये कायदा करून घेतला. मॅकॅस्किल-बॉन्ड कायदा. त्याचा गाभा एवढाच: याद्या "न्याय्य आणि समतोल" पद्धतीनेच जोडायच्या, आणि जमलं नाही तर तटस्थ लवादाकडे जायचं.

मग लवाद आला की भांडण संपतं का? नाही हो! यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट २००५ मध्ये एक झाल्या. एक जुनी, एक नवी. लवादाने २००७ मध्ये निकाल दिला. मोठी विमानं उडवणारे यूएस एअरवेजचे ५१७ वैमानिक सगळ्यात वर, मग प्रमाणाने मिसळण, आणि मंदीत घरी बसवलेले यूएस एअरवेजचे वैमानिक तळाशी. त्या घरी बसलेल्यांमध्ये पंधरा-सतरा वर्षं जुने लोक होते. ते अमेरिका वेस्टच्या नव्या भरतीच्या खाली गेले. यूएस एअरवेजवाले इतके चिडले की त्यांनी संघटनाच बदलली, खटले लढवले, आणि तो निकाल प्रत्यक्षात कधी लागूच झाला नाही. पुढे ती कंपनीही अमेरिकनमध्ये विलीन झाली, आणि शेवटची एकत्र यादी २०१६ मध्ये आली. अकरा वर्षं.

आणि आता आपलं यवतमाळ

तुम्ही म्हणाल, यवतमाळला धावपट्टी आहे पण नियमित प्रवासी विमान नाही, नागपूर गाठावं लागतं, मग आपला काय संबंध? संबंध आहे, आणि जुना आहे.

१ नोव्हेंबर १९५६. त्या दिवशी राज्य पुनर्रचना कायदा लागू झाला. आदल्या दिवशीपर्यंत यवतमाळ मध्य प्रदेशात होतं, राजधानी नागपूर. दुसऱ्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात. मराठवाडा हैदराबाद राज्यातून आला. म्हणजे एका दिवसात वेगवेगळ्या राज्यांच्या सरकारी नोकरांच्या याद्या एक करायच्या! आपल्याकडे तहसीलदार, पश्चिम महाराष्ट्रात मामलेदार. दोघं एकच का? आपला नायब तहसीलदार तिकडे कोणाच्या बरोबरीचा? खातं तेच, काम जवळपास तेच, पण पदाचं नाव वेगळं, परीक्षा वेगळी, पगार वेगळा.

केंद्र आणि राज्यांनी तेव्हा चार कसोट्या ठरवल्या. पदाचं काम काय स्वरूपाचं आहे. जबाबदारी आणि अधिकार किती, हाताखाली मुलूख किती. भरतीसाठी किमान पात्रता काय. आणि शेवटी पगार. पगार शेवटी, बरं का! पहिल्या तीन गोष्टी जुळल्या तर पगारातल्या फरकाला फार वजन द्यायचं नाही.

आणि मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट. त्या कायद्याच्या ११५ व्या कलमात लिहिलंय की या सगळ्यांना "न्याय्य आणि समतोल" वागणूक मिळाली पाहिजे आणि त्यांच्या हरकती नीट ऐकल्या पाहिजेत. तेच शब्द! अमेरिकेने वैमानिकांसाठी २००७ मध्ये जे कायद्यात घातलं, ते आपल्या तहसीलदारांसाठी आणि कारकुनांसाठी १९५६ मध्येच लिहिलेलं होतं.

तरी वाद मिटायला किती वेळ लागला? मराठवाड्यातून आलेल्या महसूल अधिकाऱ्यांच्या बढतीचा वाद सत्तरच्या दशकात सर्वोच्च न्यायालयात होता. मध्य प्रदेश आणि हैदराबादेतून आलेल्या विक्रीकर खात्यातल्या लोकांचा निकाल लागला १९८१ मध्ये. पंचवीस वर्षं! १९५६ ला पंचविशीत असलेला माणूस तेव्हा पन्नाशीला आला होता. त्या निकालात न्यायालयाने एक गोष्ट स्पष्ट केली, आणि ती वैमानिकांनाही लागू पडते: बढतीसाठी विचार होणं हा हक्क आहे, पण बढतीची शक्यता हा हक्क नाही. यादी एक झाल्यामुळे तुमची शक्यता कमी झाली, एवढ्यावर तक्रार टिकत नाही.

ऐकायला कडू आहे. पण माहीत असलेलं बरं.

आणि हे इतिहासजमा झालंय असंही नाही. १ मे २०२५ ला विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक मिळून राज्यभराची एकच ग्रामीण बँक झाली. ती विदर्भ कोकणसुद्धा २०१३ मध्ये दोन बँका मिळूनच बनलेली. तुमच्या गावच्या शाखेतल्या कॅशियरकाकांचाही कुठल्यातरी यादीत एक नंबर आहे, एवढं लक्षात ठेवा.

ताजं उदाहरण: विस्तारा

२०२२ च्या जानेवारीत एअर इंडिया टाटांकडे परत आली. विस्तारा ही टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्सची कंपनी २०१५ पासून उडत होती. १२ नोव्हेंबर २०२४ ला ती एअर इंडियात विलीन झाली. पुन्हा तेच: एक जुनी, एक नवी.

त्याआधी २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये विस्ताराची बरीच उड्डाणं रद्द झाली होती, आठवतंय? नव्या करारात निश्चित पगार महिन्याला ७० तासांऐवजी ४० तासांचा धरला होता. पुष्कळ वैमानिक आजारी म्हणून सुट्टीवर गेले. मूळ राग पगाराचा, पण मागे भीती होती ती यादीत आपण कुठे बसणार याची.

आणखी एक बारीक गोष्ट. एअर इंडियात निवृत्तीचं वय ५८ होतं, विस्तारात ६०. दोन वर्षांचा फरक किरकोळ वाटतो? रांगेत मागे उभं राहून बघा. पुढचा माणूस जितका उशिरा उठेल, तितकं तुमचं कॅप्टन होणं लांबतं. २०२५ मध्ये एअर इंडियाने वैमानिकांसाठी वय ६५ केलं. वरच्यांना आनंद, खालच्यांच्या पोटात गोळा.

परत माझ्या मित्राकडे

दत्त चौकातून मी त्याला घरी घेऊन गेलो. लॅपटॉप उघडला. म्हटलं, तुझा जुना नंबर सांग.

"२१०."

"किती जणांत?"

"को-पायलट सहाशे होतो आम्ही."

"आणि नवा?"

"६४०. पंधराशे जणांत."

मी भागाकार केला. आधी ३५ टक्क्यांवर होता. आता साधारण ४३ टक्क्यांवर. म्हणजे नुकसान आहे, पण चारशे तीस माणसांएवढं नाही. रांग लांब झाली तशा पुढच्या खिडक्याही वाढल्या. बरेच जण नुसता नंबर बघून रात्रभर झोपत नाहीत. नंबर बघू नका, टक्का बघा.

मग आम्ही खरं काम केलं. त्या यादीत को-पायलटांचा क्रम लागला होता नोकरीच्या तारखेवर. मी विचारलं, "तुझी कुठली तारीख लावलीय?" तो गप्प. आम्ही त्याचं पत्र काढलं. तो कंपनीत लागला ती तारीख वेगळी, आणि ट्रेनिंग संपून प्रवासी विमानावर पहिल्यांदा ड्युटीला लागला ती तारीख सात महिन्यांनंतरची. याच्या कंपनीच्या नोंदीत दुसरी तारीख होती. समोरच्या कंपनीच्या नोंदीत पहिली. यादी करणाऱ्याने दोन्ही रकाने "जॉइनिंग डेट" म्हणून सरळ जोडून टाकले!

मंडळी, हे आपण रोज बघतो. दोन डेटाबेस जोडताना कॉलमचं नाव सारखं असतं आणि अर्थ वेगळा. आपल्याकडे त्याला बग म्हणतात आणि शुक्रवारी संध्याकाळी फिक्स करतात. इथे त्या बगच्या टोकाला कोणाच्या तरी बापाचं दोन एकर शेत होतं.

हरकत घ्यायला एकवीस दिवस होते. त्यातले तेरा उरले होते. त्याने एकट्याने अर्ज केला नाही, त्याच्यासारखे जेवढे सापडले तेवढ्यांचा तक्ता केला: नाव, नेमणूकपत्राची तारीख, यादीतली तारीख, फरक. एका पानात. कुठेही "आमच्यावर अन्याय झाला" असं लिहिलं नाही. फक्त लिहिलं, की एकच नियम दोन्ही बाजूंना लावा.

चार महिन्यांनी सुधारित यादी आली. नंबर ५७५. म्हणजे ३८ टक्के. पस्तीस नाही झाले. तीन टक्के गेले ते गेले. मी फोनवर विचारलं, "खुश आहेस का?" तो म्हणाला, "खुश नाही रे. पण आता रात्री हिशोब करत बसत नाही. उशीर होईन, पण कधी होईन ते समजते."

मला वाटतं, न्याय्य यादी म्हणजे सगळ्यांना आवडलेली यादी नाही. तशी यादी जगात कुठेच बनलेली नाही. न्याय्य यादी म्हणजे जिचा नियम आधी सांगितलाय, जो दोन्ही बाजूंना सारखा लागू आहे, आणि ज्यावर हरकत घेतली तर कोणीतरी खरंच वाचतं.

जाता जाता चार गोष्टी, कारण तुमच्यातल्या कोणाचीही कंपनी उद्या कोणीतरी विकत घेऊ शकतं, विमानाची असो, बँक असो की माझ्यासारखी सॉफ्टवेअरची. एक, नेमणूकपत्र, कन्फर्मेशन आणि बढतीची पत्रं स्वतःकडे जपून ठेवा, कंपनीच्या ईमेलवर नाही. दोन, यादी आली की आधी नियम वाचा, मग आपलं नाव शोधा. तीन, नंबर नाही, टक्का काढा. चार, हरकतीची शेवटची तारीख फोनमध्ये अलार्म लावून ठेवा. तारीख गेली की खरा मुद्दाही खोटा ठरतो.

बस, आज एवढंच. तुमच्या घरात कोणी १९५६ नंतर अशा यादीत अडकलेले आजोबा-पणजोबा असतील तर त्यांची गोष्ट मला नक्की पाठवा, पुढे कधीतरी त्यावर बोलू. आणि तो मित्र हे ऐकत असेल तर, कॅप्टन झाल्यावर पहिला चहा दत्त चौकातच. पैसे तू द्यायचे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!